प्रस्तावना : रिकाम्या हातांचा माणूस

मुलांना डोंगरात न्यायचं ठरलं की पहिला प्रश्न वयाचा निघतो. कितव्या वर्षी न्यावं? तिसऱ्या, पाचव्या, की शाळेत चांगलं रुळल्यावर? बालरोगतज्ज्ञ एक सांगतात, आजी दुसरं सांगते, आणि डोंगरात फिरणारा एखादा मित्र ‘काही होत नाही, आण बिनधास्त’ म्हणून मोकळा होतो. राजमाचीवरच्या उधेवाडीत हा प्रश्न कुणाला पडत नाही. श्रीवर्धन आणि मनरंजन या दोन बालेकिल्ल्यांच्या पायथ्याशी, माचीवर ते गाव आहे. तिथलं मूल चालायला शिकतं तेच उतारावर. शेरडांमागे पळता पळता कुठला दगड हलतो, कुठल्या गवताखाली जमीन नाही, हे त्याच्या पायांना कळत जातं. आपलं मूल चौथ्या मजल्यावर, गुळगुळीत फरशीवर पहिलं पाऊल टाकतं आणि पुढं लिफ्टनं खाली येतं. सहा वर्षांचं झालं तरी त्याच्या पायांना उताराची ओळख झालेली नसते. दोघांची जन्मतारीख एक असली तरी डोंगरातलं वय वेगळं.

हे पुस्तक या दुसऱ्या मुलासाठी, खरं तर त्याच्या आईवडिलांसाठी आहे. साधारण तीन ते बारा वर्षांची मुलं बरोबर घेऊन कातळावर दोर लावायचा आणि रात्र तंबूत काढायची, या दोन गोष्टींपुरतं ते मर्यादित आहे. पायवाटेनं गड चढून संध्याकाळी घरी परतण्याबद्दल मराठीत भरपूर लिहिलं गेलं आहे. पायवाट संपून हात टेकावे लागतात, तिथून पुढं काय करायचं याबद्दल मात्र, तेही बरोबर मूल असताना, फारसं लिहिलेलं सापडत नाही.

तसं पाहिलं तर कुटुंबानं गड चढणं आपल्याला नवं नाही. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करणारं पोर खऱ्या गडावर जायचा हट्ट धरणारच. ‘दुर्गभ्रमणगाथा’ लिहिणारे गोनीदा गडकोटांवर फिरले, तसं त्यांनी लेकीलाही, म्हणजे वीणा देव यांना, बरोबर नेलं. गड पाहणं ही मराठी घरातली शिकवण होती. इतिहास, भूगोल आणि घामाची किंमत एकाच फेरीत शिकवणारी.

प्रस्तरारोहणाची वाट निराळी होती. ते घरातून आलं नाही, क्लबांतून आलं. मुंबईत १९५४ मध्ये गिरिविहार सुरू झालं, पुण्यात १९८२ मध्ये गिरिप्रेमी. अशा संस्थांमधून दोर, खिळे, हातोडा यांची भाषा मराठी तरुणांच्या तोंडी बसली. मुंबईकरांनी मुंब्र्याच्या आणि कान्हेरीच्या कातळांवर हात घासले, पुणेकरांनी सिंहगडाच्या आणि लोणावळ्याच्या परिसरात. शनिवारी रात्री शेवटची लोकल किंवा एस.टी. पकडायची, स्टेशनवर झोपायचं, रविवारी सुळका करायचा आणि सोमवारी कामावर हजर व्हायचं. हा सगळा कारभार बिनलग्नाच्या माणसांचा. लग्न झालं की एकाच्या फेऱ्या कमी व्हायच्या, मूल झालं की दोर माळ्यावर जायचा. क्लबाच्या वार्षिकांत जुन्या सुळक्यांची वर्णनं वाचायला मिळतात, पण ते चढणाऱ्यांच्या घरी त्या रविवारी काय चाललं होतं, ते त्यांत नसतं.

आता चित्र बदललं आहे, आणि त्याचं कारण डोंगरापेक्षा शहरात जास्त आहे. मोठ्या शहरांत कृत्रिम भिंती उभ्या राहिल्या. २०१६ मध्ये बोल्डरिंगची, म्हणजे दोराशिवाय ठेंगण्या भिंती चढण्याची, विश्वचषक स्पर्धा नवी मुंबईत भरली आणि २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये प्रस्तरारोहण पहिल्यांदा आलं. आठ वर्षांच्या मुलीला आज प्रस्तरारोहण म्हणजे रंगीत पकडींची भिंत आणि खाली जाडजूड गाद्या, हे ठाऊक असतं. तिच्या बापाला ते हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा म्हणून ठाऊक असतं. दोघं एकाच शब्दानं दोन वेगळ्या गोष्टी बोलत असतात. शनिवारी सकाळी गाडीत सामान भरताना हा फरक लक्षात येत नाही, कातळाखाली उभं राहिल्यावर येतो.

म्हणून आधी आपला कातळ समजून घेऊ. सह्याद्री बसाल्टचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून लाव्हा पसरला, थंड झाला, त्यावर पुन्हा पसरला. चिरोट्याला पदर असतात तसे हे थर एकावर एक बसले. काही थर टणक, एकसंध. काही पोकळ बुडबुड्यांचे आणि ठिसूळ. ठिसूळ थर झिजून त्याची सपाटी किंवा गवताळ पट्टी होते, टणक थर उभा कडा होऊन राहतो. गडाला माची आणि बालेकिल्ला मिळाला तो या रचनेमुळेच. पण चढणाऱ्याला या रचनेचा जाच होतो. कड्याच्या प्रत्येक टप्प्यावर सुटे दगड साठलेले असतात. वरच्या माणसाच्या बुटानं, दोरानं, कधी माकडाच्या पायानं ते खाली येतात. कड्याच्या पायथ्याशी घसारा असतो, म्हणजे जिथं मूल बसवायचं तिथंच पाय ठरत नाही. मोठे कडे बरेचसे कोकणाकडे, पश्चिमेला तोंड करून आहेत. सकाळी सावली, दुपारनंतर तापलेला काळा दगड. आणि बऱ्याच कड्यांच्या कपारींत आग्या मोहोळं लटकलेली असतात. धूर, उग्र वास आणि आरडाओरडा यांनी ती उठतात. मोठा माणूस पळेल; घसाऱ्यावरून चार वर्षांचं मूल काय पळणार? दुर्बीण सोबत ठेवायची ती पक्ष्यांसाठी नंतर. आधी तिनं कडा वरपासून खालपर्यंत न्याहाळायचा.

या सगळ्याचा अर्थ सरळ आहे. सह्याद्रीतले नावाजलेले सुळके आणि कडे लहान मुलांच्या पहिल्या दोरासाठी नाहीत. हे लिहिताना मला वाईट वाटतं, कारण माझी सगळी माया त्या सुळक्यांवर आहे. पण मुलाला लागतो तो कातळ ठेंगणा, घट्ट, पायथा सपाट आणि वर पोचायला मागून सोपी वाट असलेला. असे कातळ आपल्याकडे आहेत, फक्त त्यांना नाव नसतं. गावाबाहेरच्या ओढ्याकाठी, पठाराच्या कडेला, एखाद्या गडाच्या पायथ्याला. मुंबईजवळ बेलापूर आणि मुंब्र्याच्या शिळांवर लहान-मोठे दोघंही रमतात. थोडं लांब जायची तयारी असेल तर कर्नाटकातल्या बदामीचा लाल वालुकाश्म आहे. तिथं पक्के बोल्ट ठोकलेले मार्ग आहेत आणि हिवाळ्यात मराठी चढणाऱ्यांचा तिथं राबता असतो. हंपीला ग्रॅनाइटच्या शिळांचं जंगल आहे. तिथं दोराशिवायच दिवस जातो, पण कातडी सोलून निघते, हे मुलांना आधी सांगावं. पॅरिसजवळच्या फोन्तेनब्लोच्या जंगलात वाळूवर विसावलेल्या शिळांवर रंगांनी क्रमांक घातलेले फेरे आहेत आणि त्यांत पांढऱ्या खुणांचे फेरे खास मुलांसाठी आखले आहेत. मुलांच्या उंचीनं, मुलांच्या हाताच्या पल्ल्यानं. आपल्याकडे अशी आखणी माझ्या पाहण्यात नाही. ती करायला एक रंगाचा डबाही लागत नाही. खडूही चालतो आणि पहिल्या पावसात पुसला जातो.

दोराकडे येऊ. मूल म्हणजे लहान आकाराचं मोठं माणूस, असं धरून चाललं की घोटाळे होतात. लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानानं जड आणि कंबर अरुंद असते. कमरेचा हार्नेस त्याला घातला आणि ते दोरावर उलटं झालं, तर हार्नेसमधून निसटू शकतं. म्हणून नितंब नीट भरेपर्यंत त्याला छाती-खांद्यासकट बांधणारा पूर्ण अंगाचा हार्नेस लागतो. मुलाच्या वजनाचंही असंच. सहा वर्षांचं मूल साधारण वीस किलोचं. उंच मार्गावर दोर दगडाला घासत असेल, तर खाली सोडताना एवढ्या वजनानं तो सरकतच नाही. मूल मध्येच लटकतं आणि घाबरून भिंतीला चिकटतं. ते घाबरट म्हणून चिकटत नाही, पदार्थविज्ञानामुळे चिकटतं. यावर उपाय म्हणजे पहिल्या दिवशी चढायचंच नाही. कमरेइतक्या उंचीवर दोरात बसायचं, हात सोडायचे, पाय भिंतीला टेकवून झोके घ्यायचे, खाली यायचं. दोर आपल्याला धरतो, हे अंगाला पटलं की वर जाणं आपोआप येतं. बोटांचीही काळजी घ्यावी लागते. वाढत्या वयात बोटांच्या हाडांच्या टोकाशी वाढीचे कूर्चेचे पट्टे असतात. बारीक कंगोऱ्यांवर लटकण्याचा व्यायाम मुलांना दिला, तर इजा तिथं होते. त्यामुळे लहान वयात खेळायचं, सराव करायचा नाही.

हे सगळं महत्त्वाचं आहे आणि पुढच्या प्रकरणांत चित्रांसकट सविस्तर आलं आहे. पण या प्रस्तावनेत मला जे सांगायचं आहे ते दोरावरच्या मुलाबद्दल नाही. वरून दोर लावलेला आहे, अँकर, म्हणजे दोराचा वरचा आधार, दोन ठिकाणी पक्का आहे, आठाची गाठ दुसऱ्यानं तपासली आहे, डोक्यावर हेल्मेट आहे, बिले देणाऱ्याचं, म्हणजे खालून दोर सांभाळणाऱ्याचं, लक्ष आहे. अशा वेळी दोराला बांधलेलं मूल त्या सबंध परिसरातलं सर्वांत सुरक्षित माणूस असतं. धोका खाली असतो, दोराला न बांधलेल्या मुलाला. त्याची पाळी झालेली असते किंवा यायची असते. त्याला तहान लागते, मुंगळा दिसतो, दरीच्या बाजूचं फूल हवं असतं. ते नेमकं कड्याखाली, दगड पडतात तिथं जाऊन बसतं. आई चढते आहे, बाबा बिले देतो आहे. बाबाचे दोन्ही हात दोरावर आणि मान वर. बिले देणाऱ्यानं दोर सोडायचा नसतो, मग मागं काहीही होवो. अशा वेळी मुलानं हाक मारली तर त्याला ओ द्यायला कुणीच मोकळं नसतं.

हिशेब इतका साधा आहे, तरी भल्या-भल्यांच्या लक्षात येत नाही. दोन मोठी माणसं आणि एक लहान मूल ही संख्या भटकायला पुरते, कातळावर पुरत नाही. चढायला एक, बिलेला एक, आणि तिसरा असा की ज्याच्या हातात काहीच नाही. ना दोर, ना कॅमेरा, ना मोबाइल, ना चुलीवरचं भांडं. त्याचं काम एकच : मुलाच्या हाताच्या अंतरावर असणं. मुलं दोन आणि वयं लहान असतील, तर असे दोघं हवेत. मी त्याला रिकाम्या हातांचा माणूस म्हणते. या पुस्तकातला प्रत्येक कार्यक्रम, प्रत्येक सामानाची यादी त्याला गृहीत धरून केली आहे. तो नसेल तर दोर पिशवीतून काढू नका. कातळाभोवती फिरा, डबा खा, परत या.

इथं एक घरगुती अडचण आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. हा तिसरा माणूस शोधायला बहुतेक घरांना वेळ लागत नाही, कारण तो आधीच ठरलेला असतो. ती आई असते. दोन मित्र चढतात, एकाची बायको मूल सांभाळते, आणि घरी आल्यावर सगळे ‘आम्ही सहकुटुंब क्लायम्बिंगला गेलो होतो’ असं सांगतात. माझ्याबरोबर शिकलेल्या मुलींपैकी कित्येकींचा दोर पहिल्या बाळंतपणात जो सुटला तो कायमचा. त्यांच्या नवऱ्यांचा सुटला नाही. आपल्या परंपरेत कडा उतरलेली एकच आई सगळ्यांना ठाऊक आहे, रायगडाची हिरकणी. दरवाजे बंद झाले म्हणून ती तान्ह्या बाळाच्या ओढीनं रात्री कडा उतरली, असं कथा सांगते आणि गडावरचा बुरूज तिचं नाव सांगतो. आईनं कडा उतरावा तो बाळासाठी, हे आपल्याला पटतं. स्वतःच्या आनंदासाठी ती कडा चढेल आणि तेवढा वेळ बाळ दुसरं कुणी घेईल, हे पटायला जड जातं. हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. ब्रिटिश गिर्यारोहक ॲलिसन हारग्रीव्ह्ज १९९५ च्या मे महिन्यात कृत्रिम प्राणवायूशिवाय एव्हरेस्टवर पोचली आणि त्याच ऑगस्टमध्ये केटूवरून उतरताना गेली. तिच्या मृत्यूनंतर तिकडच्या वर्तमानपत्रांत वाद झाला तो दोन मुलांच्या आईनं असल्या डोंगरावर जावं का, असा. मुलं मागं ठेवून डोंगरात गेलेल्या बापांची यादी फार मोठी आहे. त्यांच्याबद्दल हा प्रश्न असा विचारला जात नाही.

म्हणून रिकाम्या हातांची पाळी लावा आणि ती कागदावर लिहा. सकाळी एक तास बाबा, मग आई, मग मामा. ‘बघू तिथं गेल्यावर’ असं ठेवलं तर पाळी कुणाकडे जाते ते आपल्याला माहीत आहे. शिवाय आपल्याकडे यासाठी लागणारी माणसं घराघरांत आहेत. गुडघे दुखतात म्हणून गड न चढणारे आजोबा सपाट पायथ्यावर गोष्ट सांगत दोन तास सहज बसतील. कॉलेजात जाणारी आतेबहीण असते, शेजारच्या काकू असतात. त्यांना हार्नेस घालायला लावू नका, पण सकाळी निघतानाच नीट सांगा की तुमचं काम काय आहे आणि ते का मोठं आहे. दगड पडतात ती जागा खडूनं रेष मारून दाखवा. रेषेच्या आत कुणीच बसायचं नाही, आजोबांनीसुद्धा नाही.

रिकामे हात हवेत तसा रिकामा वेळही हवा. मोठ्यांच्या पायांना तास लागतो त्या वाटेला पाच वर्षांच्या मुलाला तीन लागतात, कारण वाटेत विंचवाचं बीळ असतं, करवंदीची जाळी असते आणि दर दहा पावलांवर एक दगड खिशात टाकावा लागतो. बहुतेक रडारड दमल्यामुळे होत नाही, घाई केल्यामुळे होते. आणि घाईपेक्षा वाईट एक गोष्ट आपल्याकडे आहे. मूल भिंतीवर थांबलं, खाली बघून त्याचा चेहरा पडला, की खालून हमखास हाक येते : ‘अरे, तू शिवाजी महाराजांचा मावळा ना? मावळा घाबरतो का?’ सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण मुलापुढं त्या क्षणी दोनच वाटा उरतात, भीती लपवायची किंवा महाराजांचा मान घालवायचा. भीती लपवायला शिकलेलं मूल पुढं आपल्याला हार्नेस सैल वाटतोय हेही सांगत नाही. त्यानं ‘खाली घ्या’ म्हटलं की त्याच क्षणी खाली घ्यायचं, कारण न विचारता. दोन-तीनदा असं झालं की त्याला कळतं, इथं आपला शब्द चालतो. मग ते स्वतःहून वर जातं, आणि नाही गेलं तरी काही बिघडत नाही.

याच्याच पोटात आणखी एक रोग वाढतो आहे. सर्वांत लहान वयात कळसूबाई, सर्वांत लहान वयात अमुक सुळका, प्रमाणपत्र, फेटा, बातमी. कळसूबाई १६४६ मीटर उंच आहे, राज्यात सर्वांत उंच. लोखंडी शिड्यांवर सुट्टीच्या दिवशी रांग लागते. त्या रांगेत मधोमध अडकलेल्या तीन वर्षांच्या मुलाला विक्रमाचं काय? विक्रम मोठ्यांचा असतो, पाय मुलाचे असतात. या पुस्तकात वयाचे विक्रम कुठंही सांगितलेले नाहीत.

आता रात्रीकडे. कातळापेक्षा मुलांना तंबू जास्त आवडतो, आणि आईवडिलांना तंबूचीच धास्ती जास्त असते. दोन्ही बरोबर आहे. पहिली रात्र गच्चीवर काढावी, दुसरी ओळखीच्या शेतात, तिसरी डोंगरात. तंबू कुठं लावायचा हे हल्ली मनावर राहिलेलं नाही. अनेक संरक्षित किल्ल्यांवर रात्रीच्या मुक्कामावर बंधनं आहेत, अभयारण्यांत वनखात्याची परवानगी लागते, आणि नियम बदलत राहतात. २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशात गेले. त्यांतला जिंजी तमिळनाडूत, बाकीचे ११ आपल्याकडचे. त्यांच्या भिंतींत खिळे ठोकणं तर सोडाच, चुलीचा काळा डागही राहता कामा नये. त्यामुळे माझी शिफारस पायथ्याच्या गावाची आहे. कुणाच्या तरी खळ्यात किंवा शाळेच्या पटांगणात परवानगी घेऊन तंबू लावावा, जेवण त्याच घरी सांगावं आणि ठरलेले पैसे हातात द्यावेत. मुलांना भाकरी थापताना बघायला मिळते, रात्री कुणाला ताप आला तर गाडीरस्ता जवळ असतो, आणि डोंगर कुठं जात नाही.

तंबूच्या भीतीत बिबट्याचा नंबर पहिला लागतो, खरा लागायला हवा विंचवाचा. कोकणातला आणि घाटमाथ्यावरचा लाल विंचू मोठ्यांपेक्षा लहान मुलांना फार भारी पडतो. विषाचा हल्ला हृदयावर होतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध यावर चालतं हे दाखवून दिलं आणि एके काळी जाणारे अनेक जीव वाचू लागले. पण औषध दवाखान्यात असतं. म्हणून तंबूची चेन कायम बंद, बूट आत, सकाळी घालण्याआधी झटकायचे, रात्री अनवाणी पाऊल नाही आणि मुलांनी दगड उलटायचा तर हातानं नाही, काठीनं. निघण्याआधी विंचवावर आणि सर्पदंशावर इलाज असलेलं सर्वांत जवळचं रुग्णालय कोणतं आणि तिथं पोचायला किती वेळ लागतो, हे फोन करून विचारून ठेवावं. थंडीचंही तसंच. डिसेंबर-जानेवारीत पठारावर पारा १० अंशांच्या खाली उतरू शकतो, आणि लहान अंगातली ऊब मोठ्यांपेक्षा लवकर जाते. मूल दिवसभर घामानं भिजलेल्या बनियनमध्येच झोपतं आणि पहाटे कुडकुडतं. झोपण्याआधी आतले कपडे बदलले की अर्धी थंडी तिथंच संपते.

इतकं सांभाळलं की रात्र मुलांच्या ताब्यात द्यावी. हिवाळ्यात नऊच्या सुमाराला कृत्तिकांचा पुंजका डोक्यावर आलेला असतो, पूर्वेला मृग वर चढत असतो आणि त्याच्या मागून व्याध. रातव्याचा ‘चुक-चुक’ आवाज कुठून येतो ते शोधत बसावं, सापडणार नाही. मोबाइलवरचं ताऱ्यांचं ॲप पिशवीत राहू द्या. चुकीचं नाव सांगितलं तरी चालेल, मुलं घरी जाऊन तपासतात आणि दुसऱ्या दिवशी आपल्याला दुरुस्त करतात.

पुस्तकात काय नाही, तेही सांगते. ‘मुलांना घेऊन जाण्याजोगे किल्ले’ अशी यादी नाही. लोहगडाच्या पायऱ्या मुलांना सोप्या आहेत, हे खरं आहे. पण पावसाळ्यातल्या रविवारी त्याच पायऱ्यांवर जी गर्दी असते, तिच्यात मी लेकरू नेणार नाही. एकच जागा नोव्हेंबरच्या मंगळवारी एक असते, जुलैच्या रविवारी दुसरी. त्यामुळे जागा कशी पारखायची ते सांगितलं आहे. नावं तुमची तुम्ही शोधायची. गाठी आणि बिले यांची चित्रं आहेत, पण पुस्तक वाचून दोर लावू नये. प्रशिक्षण देणाऱ्या संस्था आहेत, त्यांच्याकडे आधी आईवडिलांनी जाऊन शिकावं. मूल नंतर. अपघात झाला तर लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’ संस्थेच्या मंडळींसारखी माणसं हातातलं काम टाकून, पदरचा वेळ देऊन डोंगरात धावतात. त्यांना बोलवावं लागू नये, एवढी तयारी करणं ही आपल्याकडून त्यांची परतफेड.

या पुस्तकाचे कच्चे खर्डे अनेक कुटुंबांनी वाचले, कातळाखाली बसून वापरून पाहिले आणि मला खडसावून दुरुस्त करायला लावले. शौचाचं प्रकरण सविस्तर झालं ते एका आजींमुळे. त्याशिवाय हे पुस्तक पुरुषांनी लिहिल्यासारखं वाटतं, असं त्या म्हणाल्या होत्या. मुलांनी सुचवलेल्या दुरुस्त्याही आहेत, उदाहरणार्थ खाऊची यादी, जी मूळ यादीच्या दुप्पट झाली आहे.

प्रकरणं कोणत्याही क्रमानं वाचा. पण करताना एक क्रम पाळा. आपल्याकडे सहल ठरते ती जागेवरून : कुठं जायचं, मग गाडी कुणाची, मग सामान, आणि माणसं किती होतील ते सगळ्यात शेवटी. कातळावर मुलं न्यायची असतील तर ही यादी उलटी धरावी लागेल. आधी तिसऱ्या माणसाला फोन करा. तो किंवा ती हो म्हणाली, की मग जागा बघू.